आवाज बंद करा, वाट बंद करू नका



या सदरात आपण नळाच्या वॉशरपासून इस्त्रीच्या वायरपर्यंत घरातल्या बारीकसारीक कामांची माहिती घेत असतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. माशांच्या काचेच्या टाकीचा. "आमच्या घरी माणसांना पुरेल एवढे पाणी नाही, माशांचे काय घेऊन बसलात?" असे कुणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचा. ज्याच्या घरात पाण्याची टाकी आहे, मग ती छतावरची असो की मोरीवरच्या माळ्यावरची, त्या प्रत्येकाच्या उपयोगाची ही गोष्ट आहे. आणि ती माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलेली आहे.

माझी बहीण पेठला असते. नाशिकहून सावळघाट उतरून गेले की लागते ते आपले तालुक्याचे पेठ. पावसाळ्यात तिथे पाऊस असा कोसळतो की दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही. आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका हंडा घेऊन टँकरची वाट बघतात. त्यामुळे पाणी सांडणे ही गोष्ट तिथल्या माणसाला जिवावर येते.

माझा भाचा दहावीत. अभ्यासात बरा, पण हाताला सतत काहीतरी उद्योग लागतो. नाशिकला एका घरी मोडीत निघालेली माशांची टाकी त्याने मागून आणली. तीन फूट लांबीची, मागच्या काचेला वरच्या बाजूला एक भोक असलेली. टाकीखाली लोखंडी घोडा, घोड्याखाली चौकोनी डबा. वरचे जास्तीचे पाणी नळीने खालच्या डब्यात उतरते, तिथे स्पंजातून आणि विटांच्या तुकड्यांतून गाळले जाते आणि छोटा पंप ते पुन्हा वर चढवतो. अशी ही फिरती व्यवस्था. पोराने ती कुणाला न विचारता बसवली, याचे मला कौतुकच वाटले.

पण एक तक्रार होती. आवाज. दिवसा कळत नसे. रात्री सगळे निजले की नळीतून गुळगुळ, मग घोट घेतल्यासारखा आवाज, मग मोरीतले शेवटचे पाणी ओढले जाते तसा लांब सुस्कारा. आणि पुन्हा पहिल्यापासून. बहिणीच्या सासूबाईंचे अंथरूण त्याच खोलीत. त्यांना आधीच झोप कमी. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, तुझे मासे निजू दे की मला!" दाजी कामावरून थकून येणारे. त्यांनी एकदाच सांगितले, "हा आवाज बंद कर, नाहीतर टाकी बाहेर काढीन."

पोराने काय करावे? भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा कापला आणि नळीच्या तोंडात बसवला. आवाज एकदम बंद. सासूबाई खूष, दाजी खूष. दोन रात्री सगळे शांत झोपले.

तिसऱ्या रात्री स्पंजात घाण साचली. माशांचे खाणे, शेवाळ, सगळे तिथे जाऊन बसले आणि नळी तुंबली. पंपाला याची काय खबर? तो खालून पाणी वर देतच राहिला. टाकी काठोकाठ भरली आणि काठावरून पाणी खाली ओघळू लागले. डबा रिकामा होईपर्यंत तीसेक लिटर पाणी फरशीवर आले. सासूबाईंची गोधडी भिजली, कोपऱ्यातले तांदळाचे पोते खालून ओले झाले, पोराच्या दहावीच्या वह्या भिजल्या. शेवटी पंप कोरडा फिरून जळाला.

हे नुकसान भरून निघते. खरी गोष्ट पुढे आहे. पंपाचा प्लग ज्या बोर्डात होता तो वायरचा बोर्ड टाकीखालीच फरशीवर पडलेला होता. सासूबाईंच्या ओरडण्याने बहीण उठली आणि अंधारात अनवाणी पाण्यात पाय टाकणार, तोच दाजी ओरडले, "थांब! हलू नकोस!" त्यांनी आधी मेन स्विच पाडला, मग बॅटरी लावली. पाणी बोर्डापासून वीतभर अंतरावर होते.

सकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, तू ये. हे टाकी फोडायला निघालेत आणि पोरगा कालपासून जेवला नाही."

मी रविवारी पहिल्या गाडीने गेलो. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षे फिटरचे काम केले आहे. पाण्याचे आणि नळीचे भांडण मला ओळखीचे. दाजींना म्हटले, "दाजी, टाकी काढायची तर संध्याकाळी काढू. आधी चूक कुठे झाली ते पोराला कळू द्या. नाहीतर हाच पोरगा उद्या छतावरच्या टाकीच्या नळीत बोळा कोंबेल." दाजी काही बोलले नाहीत. मी त्याला होकार समजलो.

आवाज का होतो?

पाणी आवाज करत नाही, पाण्यात सापडलेली हवा आवाज करते. नळी अर्धी पाण्याने, अर्धी हवेने भरलेली असते. पाणी खाली जाताना हवा सोबत ओढते, ती गुळगुळते. मधेच नळी पूर्ण भरते, तेव्हा पाणी जोराने खेचले जाते. वरची पातळी खाली आली की तोंडातून हवा शिरते, तोच तो सुस्कारा. पातळी पुन्हा वाढते आणि हे चक्र रात्रभर चालते. दुसरा आवाज खाली, उंचावरून डब्यातल्या पाण्यावर धार पडल्याचा.

म्हणजे उपाय दोनच. हवेला तिची वेगळी वाट द्यायची आणि पाण्याला हळूच खाली उतरवायचे. पाण्याची वाट अडवणे हा उपाय नव्हे. ती वाट जास्तीच्या पाण्यासाठीच ठेवलेली असते. तीच अडवली तर पाणी स्वतःची वाट शोधते, आणि ती तुमच्या अंथरुणातून जाते.

आम्ही काय केले

पहिले काम, प्लग काढला. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मग मासे बादलीत त्याच टाकीच्या पाण्यात ठेवले आणि स्पंज काढून फेकला.

दुसरे, खालचा आवाज. नळीचे खालचे टोक डब्यातल्या पाण्याच्या वर लोंबत होते. ते लांबवून पाण्याखाली दोन सेंटिमीटर जाईल एवढे केले. जास्त खोल घालू नये. खोल गेले की नळीतली हवा बाहेर पडायला अडखळते आणि उलट जोरात बुडबुडते.

तिसरे, वरचा आवाज. टाकीच्या आत नळीला एल्बो लावला, तोंड खाली करून. आता नळी पृष्ठभागावरची हवा न ओढता पाण्याच्या आतून पाणी घेते. टाकीच्या बाहेर, जिथे नळी खाली वळते, तिथे एल्बोऐवजी टी बसवली. टीचे एक तोंड टाकीकडे, एक खाली, एक वर. वरच्या तोंडाला टोपण आणि टोपणाला बारीक भोक. हीच हवेची वाट. अमेरिकेतले मासे पाळणारे या रचनेला ती रुळवणाऱ्या गृहस्थाच्या नावाने 'डुर्सो' नळी म्हणतात. त्यात परदेशी असे काही नाही. आपल्या संडासाच्या पाइपाला छतावर जी हवेची नळी काढतात, तिचाच हा धाकटा भाऊ.

भोक आधी दोन मिलिमीटरचे पाडावे. नळी पुन्हा-पुन्हा घोट घेऊ लागली तर भोक लहान आहे, थोडे मोठे करावे. फारच मोठे केले तर आतला खळखळाट बाहेर ऐकू येतो. दर वेळी पाच मिनिटे थांबून कानाने ठरवायचे. आमचे तिसऱ्या वेळी जमले. टोपण सोल्युशनने चिकटवू नये, हाताने निघेल असे ठेवावे, म्हणजे साफ करता येते.

चौथे, पंप. नवा पंप आणावा लागलाच होता, तो आधीपेक्षा लहान घेतला आणि वर जाणाऱ्या नळीवर कॉक बसवला. इथे नीट लक्ष द्या. कॉक पाणी येण्याच्या नळीवर असावा. एकुलत्या एक जाण्याच्या नळीवर कॉक कधीही लावू नये. येणारे पाणी कमी केले तर जास्तीत जास्त धार बारीक होईल. जाणारे अडवले तर घर भिजेल.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, दुसरी नळी. काचवाल्याकडून मागच्या काचेला आणखी एक भोक पाडून घेतले. हे काम घरी करू नये. टाकी पूर्ण रिकामी हवी, आणि काच टफन्ड असेल तर भोक पाडताच तिचा चुरा होतो, म्हणून आधी काचवाल्याला विचारावे. दुसऱ्या नळीचे तोंड नेहमीच्या पाण्यापेक्षा दोन सेंटिमीटर वर. तिला कॉक नाही, जाळी नाही, स्पंज नाही. ती पहिल्या नळीपेक्षा बारीक नको. रोज ती कोरडीच राहील. पहिली तुंबली तरच तिच्यात पाणी येईल. तिचे खालचे टोक आम्ही मुद्दाम डब्यातल्या पाण्याच्या वर ठेवले.

भाच्याने विचारले, "मामा, मग हिचा आवाज होईल ना?"

"व्हायलाच पाहिजे," मी म्हटले. "ही ओरडली की समजायचे, पहिली तुंबली. ही तुझी राखणदार."

सेंटिमीटरचा हिशेब

आता थोडे गणित. पोराने ते वहीत स्वतः केले, तुम्हीही करा.

टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद. म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर वाढली की ३६०० घन सेंटिमीटर, म्हणजे ३.६ लिटर पाणी वाढते. खालचा डबा ६० लांब, ३० रुंद. त्यात एका सेंटिमीटरला १.८ लिटर.

वीज गेली तर? पेठला पावसात वीज जाणे नवे नाही. पंप थांबला की वरचे पाणी नळ्यांच्या तोंडापर्यंत खाली उतरते. पंपाची नळीही उलटी होऊन पाणी खाली ओढते. आमच्या दोन्ही नळ्यांची तोंडे पाण्याखाली ४ सेंटिमीटरवर. म्हणजे फार तर १४.४ लिटर पाणी खाली येईल आणि डब्यात ८ सेंटिमीटर चढेल. तेवढी जागा डब्यात कायम रिकामी हवी. आम्ही दहाच्या वर ठेवली. पंपाच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोकही पाडले. पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि उलटी ओढ तुटते. पण या भोकात शेवाळ बसते, म्हणून त्याच्यावर विसंबून जागा कमी ठेवू नये.

दोन्ही नळ्या एकदम तुंबल्या तर? टाकीच्या पाण्यापासून काठापर्यंत ४ सेंटिमीटर मोकळे आहे, म्हणजे १४.४ लिटर मावतील. डब्यात पंपाच्या तोंडाच्या वर ८ सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी ठेवले, तर पंपाने सगळे वर नेले तरी टाकी सांडणार नाही. आम्ही ७ ठेवले. डब्यावर लाल रंगाने रेघ मारली आणि पोराने तिथे लिहिले, 'याच्यावर पाणी भरू नये'. त्या रात्री डबा तोंडोतोंड भरलेला होता, म्हणून तीस लिटर बाहेर आले.

सहावे, विजेचे. बोर्ड फरशीवरून उचलून भिंतीवर, टाकीपासून बाजूला, कमरेच्या उंचीवर लावला. पंपाची वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर नेली. वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडते, प्लगपर्यंत चढत नाही. आणि दाजींना म्हटले, "या महिन्यात नाही तर पुढच्या, पण घराला अर्थ लिकेज ब्रेकर बसवाच." गळणारी वीज ओळखून तो क्षणात पुरवठा तोडतो. साधा फ्यूज किंवा एम.सी.बी. माणसाला शॉक बसताना पडेलच असे नाही.

परीक्षा दिवसा घ्यावी

सगळे जोडून झाल्यावर, घरातली माणसे जागी असताना, तीन परीक्षा घेतल्या. पहिली, पंप बंद करून डबा सांडतो का पाहिले. दुसरी, पंप चालू ठेवून पहिल्या नळीचे तोंड बाहेरून चिंधीने बांधलेल्या काठीने दाबून धरले. पाणी दोन सेंटिमीटर चढले आणि दुसऱ्या नळीने सगळे पाणी घेतले, मोठा आवाज करत. सासूबाई दचकून म्हणाल्या, "हीच का रे राखणदार?" तिसरी, दोन्ही नळ्या दाबल्या आणि दाजी स्वतः स्विचवर हात ठेवून उभे राहिले. पंप हवा ओढू लागला, दाजींनी स्विच पाडला. टाकी काठाखाली बोटभर राहिली. फरशीवर थेंब नाही.

परीक्षा रात्री किंवा घरात कुणी नसताना घेऊ नये. आणि एकदा पास झाली म्हणून सोडूनही देऊ नये. महिन्यातून एकदा पहिली नळी, टोपणाचे भोक आणि पंपाच्या नळीचे भोक साफ करावे. गोगलगायी किंवा पाने नळीत जात असतील तर तोंडावर मोठ्या भोकांची, नळीपेक्षा बरीच रुंद जाळी लावावी, म्हणजे थोडी घाण बसली तरी वाट उरते. स्पंज, कापूस, नायलॉनचा मोजा, यांपैकी काहीही तिथे नको. गाळणी खाली डब्यात, वाटेत नव्हे.

माशांची टाकी नसेल त्यांच्यासाठी

आपल्या छतावरच्या टाकीला वर एक नळी असते. टाकी भरली की तिच्यातून पाणी पडते. रात्री पत्र्यावर धार पडते, शेजारी भांडायला येतो आणि घरमालक त्या नळीत बोळा कोंबतो. पुढे काय होते? टाकी काठावरून वाहते, भिंतीत ओल उतरते, कधी विजेच्या पाइपात पाणी जाते. तिथेही नियम तोच. पत्र्यावर धार पडत असेल तर नळी लांबवून भिंतीलगत खाली आणा. पाणी वाया जात असेल तर टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह दुरुस्त करा. डासांसाठी नळीच्या तोंडाला जाळी जरूर बांधा, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पण जाळी हवी, चिंधी नको. आणि जाळी अधूनमधून झटकायची.

मोठ्या कामातही हेच. धरण बांधताना आधी सांडव्याचा विचार करतात. नाशिकचे गंगापूर धरण मातीचे आहे. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागले की माती धुपून जाते, म्हणून जास्तीच्या पाण्याला वेगळी वाट लागतेच. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळ खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी जास्त साठवायचे होते, पण वाट बुजवून नव्हे. पातळी ठरलेल्या खुणेच्या वर गेली की दरवाजे स्वतःच उघडत. याच्या उलट गुजरातमध्ये मोरबीला घडले. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू धरणावर सांडव्याला पेलणार नाही एवढे पाणी आले, ते मातीच्या बांधावरून वाहिले, धरण फुटले आणि हजारो माणसे गेली. भांडे लहान असो की मोठे, जास्तीच्या पाण्याला मोकळी वाट हवी, आणि ती येणाऱ्या पाण्याला पुरेल एवढी हवी.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा दाजी टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. टाकी बाहेर काढण्याचा विषय निघाला नाही. त्यांनी पोराला एवढेच विचारले, "तो लाल मासा काय खातो रे?" बहिणीने मला डोळ्यांनी खुणावले. पोराने त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

एक गोष्ट आई-वडिलांना सांगायची राहिली. पोराने बोळा का कोंबला? "बंद कर" एवढेच त्याला सांगितले गेले. कसे, हे कुणी सांगितले नाही आणि विचारायची त्याला भीती वाटली. मुलाने काही जुळवले तर रागावण्याआधी त्याच्याजवळ पाच मिनिटे बसावे. वीज आणि पाणी एकत्र आले असेल तर दहा मिनिटे बसावे.

पुढच्या अंकात पावसाळ्याआधी पत्र्याच्या घराची गळती कशी शोधावी, ते पाहू. तोवर आपापल्या टाकीच्या वरच्या नळीत कुणी काही कोंबले नाही ना, एवढे या रविवारी दिवसाउजेडी जरूर बघा.